खो मिळाल्याशिवाय

ऋतुजा गुरवच्या मेंदूत काढण्यासारखं काहीच निघालं नाही, ही बातमी तिच्या आईने दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीत पोचवली. मालनबाईंच्या लेखी ती चांगली बातमी होती. शेजारच्या पाटलांच्या पोराच्या डोक्यातून वैमानिक व्हायचं खूळ काढायला तीन खेपा लागल्या होत्या आणि आपली पोरगी पहिल्याच खेपेला पास झाली. "आमच्या ऋतूच्या डोस्क्यात कायसुदिक न्हाई," असं त्या अभिमानाने सांगत होत्या आणि ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

ऋतुजाला मात्र हसू येत नव्हतं. सतरा वर्षं ती खो-खो खेळत होती. तिने मारलेला सूर बघायला तासगावातली माणसं सायकली टाकून मैदानाच्या कडेला उभी राहायची. त्यातलं काहीच जर आपल्या डोक्यात नव्हतं, तर मग आपण इतकी वर्षं पळत कशासाठी होतो, हे तिला कळेना.

मंदी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, येईल तशी जाईल. पण ती पाहुणी म्हणून आली आणि घरचीच झाली. पुण्यातल्या संगणक कंपन्यांमधली कामं यंत्रं करू लागली, तिथली पोरं बोचकी बांधून गावाकडे परत आली आणि इथे येऊन बघतात तो इथलीच पोरं रिकामी बसलेली. सरकारी भरती आधी लांबली, मग थांबली. खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागा तर कायमच्याच मोडीत निघाल्या. ऋतुजा त्यातल्याच एका जागेवर फौजदार होणार होती. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, तसं ती नऊ वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं.

तासगावात उरली ती बेदाण्याची शीतगृहं. मंदीतही लोकांच्या शिऱ्यात बेदाणा लागतोच. तिथे बेदाणे निवडायला यंत्रं होती, पण यंत्रावर नजर ठेवायला माणूस लागायचा. त्यातही अडचण अशी, की डोक्यात दुसरंच स्वप्न घेऊन आलेला माणूस आठ तास बेदाण्यांकडे बघत बसू शकत नाही. तो सहा महिन्यांत पळून जातो, नाहीतर आजारी पडतो. तेव्हा शीतगृहवाले स्वच्छ सांगू लागले, आधी उतारा करून या, मग कामाचं बोलू.

सरकारी भाषेत त्याचं नाव होतं ध्येयशिथिलीकरण. एवढा थोरला शब्द तोंडात मावेना म्हणून लोकांनी त्याचा उतारा केला. नजर लागलेल्या पोरावरून लिंबू-भाकरी उतरून तिठ्यावर ठेवतात, तसंच हे. फरक एवढाच, की तिठ्यावरचं लिंबू दिसतं आणि त्याला वळसा घालून जाता येतं. इथे उतरलेलं कुठे पडतं ते कुणाला दिसत नव्हतं.

त्यामागचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ वाटणं, ही मेंदूत दोन निराळी कामं आहेत. जिलेबी गोड लागते हा आवडीचा भाग. पण भर उन्हात अर्ध्या गावाला वळसा घालून जी आपल्याला जिलेबीच्या दुकानापर्यंत नेते, ती ओढ. तिचा कारभार मेंदूच्या तळाशी शेंगदाण्याएवढ्या एका जागेतून चालतो. दुसरी गोष्ट म्हणजे, आठवण काही दगडावरची रेघ नसते. आपण ती मनापासून जागी केली की काही तास ती मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते, गुळाच्या पाकासारखी. जे काही करायचं ते पाक गरम असतानाच. म्हणून माणसाला खुर्चीत बसवायचं, डोक्यावर टोप चढवायचा आणि त्याचं स्वप्न त्याच्याच तोंडून बोलवून घ्यायचं. बोलता बोलता ती जागा पेटली, की पडद्यावरची रेघ उसळते. त्याच वेळी टोपातून, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी नेमक्या त्या जागी सोडायच्या. आठवण जिथल्या तिथे राहते, आवडही राहते, फक्त ओढ सुटते.

ऋतुजाला खुर्चीत बसवलं होतं ते डॉक्टर तन्वीर मुजावर यांनी. तिशी ओलांडलेला, थकल्या डोळ्यांचा, पण बोलायला मऊ माणूस.

"बोला. काय व्हायचं होतं तुम्हाला?"

"राष्ट्रीय संघातून खेळायचं होतं. मग फौजदार."

रेघ सपाट.

"जरा डोळ्यांसमोर आणा. अंगावर वर्दी आहे. लोक टाळ्या वाजवताहेत."

तिने आणलं. वर्दी आणली, टाळ्या आणल्या, पदकंसुद्धा आणली. रेघ हलायचं नाव घेईना. एकदाच ती जराशी थरथरली, ऋतुजा बोलण्याच्या ओघात म्हणाली तेव्हा, की आप्पा खांबाजवळ शिट्टी धरून उभे असायचे. "मान स्थिर ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. अर्ध्या तासाने त्यांनी टोप काढून घेतला.

"तुमच्यात काढण्यासारखं काही नाही. खरं सांगू का, ही ओढ तुमची नव्हतीच. दुसऱ्या कुणाची तरी तुम्ही सांभाळत होता. असं बऱ्याच जणांचं निघतं. तुम्हाला नोकरी मिळेल, काळजी करू नका."

नोकरी मिळाली. प्रश्न राहिला तो आप्पांचा.

हणमंतराव गुरव, म्हणजे शाळेतले खेळाचे गुरव सर, यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. लेकीच्या डोक्यात काही निघालं नाही हे ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "यंत्र बिघडलंय." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी रोजच्यासारखं तिच्या खोलीचं दार वाजवलं.

"आप्पा, मला सातला कामावर जायचंय."

"दोन तास आहेत की मग. ऊठ."

पहिले काही दिवस ती उठली. मैदानावर जायची, धावायची आणि तशीच घामेजल्या अंगाने शीतगृहाच्या थंडीत जाऊन बसायची. तिला ताप भरला. मग तिने उठायचं सोडलं. आप्पांनी दार वाजवायचं सोडलं नाही. भरती पुन्हा सुरू करा म्हणून ते एकटेच सांगलीला कचेरीपुढे जाऊन बसायचे. तिथले शिपाईसुद्धा त्यांना ओळखू लागले होते आणि चहा पाजून परत पाठवत होते. खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही. गालफडं बसली, ट्रॅकसूट अंगावर लोंबू लागला.

एका दुपारी पाळी सुटायच्या वेळी ते शीतगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बायका-पोरी बाहेर पडायला लागल्या आणि सरांनी शिट्टी फुंकली. लांबलचक, मैदानावर फुंकावी तशी. "गुरव! उजवा खांब! पळ!"

पोरी खो खो हसल्या. ऋतुजाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. ती मान खाली घालून आप्पांच्या जवळून पुढे निघून गेली. मागून पावलांचा आवाज येत होता, पण तिने वळून पाहिलं नाही. व्यवस्थापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि सौम्य शब्दांत सांगितलं, की घरची माणसं घरी असलेली बरी.

त्या संध्याकाळी घरात भांडण पेटलं. मालनबाई चुलीपुढून हलल्या नाहीत, पण बोलायच्या थांबल्याही नाहीत. "म्या आदीच म्हनत हुते. दुखनं रेड्याला आन डाग पखालीला! पोरीला कशाला बसिवलं त्या खुर्चीत? ज्येला रोग हाय त्येला बसवा की."

आईने रागाच्या भरात म्हटलं होतं. पण ऋतुजाच्या मनात ते जाऊन बसलं. ती आप्पांपुढे उभी राहिली.

"आप्पा, तुम्ही घ्या उतारा."

सरांनी मान वर केली. पोरीने आजवर त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. सांगितलं तेवढं केलं होतं.

"तुला हवंय?"

"हो."

"त्यानं तुझं बरं होईल?"

"होईल."

"मग घेतो," आप्पा म्हणाले आणि ताटावर बसले. किती दिवसांनी ते त्या रात्री पोटभर जेवले. ऋतुजाला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

केंद्रात नातेवाइकांना काचेच्या अलीकडे बसवत. आतलं बोलणं ऐकू यायचं. नातेवाइकाच्या खुर्चीशेजारी भिंतीवर एक लाल बटण होतं. डॉक्टरांनी ते ऋतुजाला दाखवून सांगितलं, "लहरी सुरू होईपर्यंत कधीही दाबा, आम्ही थांबतो. एकदा सुरू झाल्या, की मग मात्र मागे फिरता येत नाही."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली आणि आत गेले. टोपाखाली त्यांचा चेहरा फारच लहान दिसत होता.

"बोला सर," डॉक्टर म्हणाले. "मुलगी फौजदार झालीय असं समोर आणा."

रेघ थोडी वर गेली आणि परत खाली आली.

"ते नाही," सर म्हणाले. "ते मागाहूनचं. खरं सांगायचं तर ते विट्याला झालं. ही नऊ वर्षांची. जिल्ह्याचे सामने होते. शेवटचं मिनिट. ही पाठ करून चौकोनात बसलेली, मागनं धावणारी पोर आली, तिनं खो म्हटलं, पण हात लावला नाही. गडबडीत राहून गेला. आता नियम काय? शब्द पायजे आणि स्पर्शबी पायजे. दोन्ही मिळाल्याशिवाय बसलेल्यानं उठायचं नाही. सगळं मैदान वरडायला लागलं, ऊठ, ऊठ! आमची पोरं वरडतायत, मास्तर वरडतायत. पंचाचं लक्ष नव्हतं, उठली असती तरी खपलं असतं. ही उठली नाही. बसून राहिली. आम्ही हरलो."

रेघ चढत होती.

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय नाही. घरापतोर बोललोच नाही. बोललो असतो तर रडलो असतो, डॉक्टर. एवढीशी पोर. सगळं गाव एकीकडं आणि ती एकटी एकीकडं. मला वाटलं, देवा, हिला जिथवर रस्ता आहे तिथवर पोचवायचं. दुसरं काय मागायचं नाही."

ती परतीची वाट ऋतुजाला लख्ख आठवत होती. एसटीत आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिला वाटलं होतं, आपल्यामुळे हरलो म्हणून ते रागावलेत. त्या न बोलण्याची भरपाई म्हणून ती इतकी वर्षं पळत होती, गुडघे फोडून घेत होती, सूर मारत होती, की कधीतरी ते म्हणतील, जाऊ दे, मिटलं. आणि मिटवण्यासारखं कधी काही नव्हतंच.

रेघ आता पडद्याच्या वरच्या काठाला भिडली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. बटण हाताच्या अंतरावर होतं.

आप्पांनी एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं. नुसती मान हलवावी, बोट उचलावं, ती उठली असती. पण सरांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. खूण मिळाल्याशिवाय उठायचं नाही हे त्यांनीच तिच्या हाडात भिनवलं होतं. ती शिट्टी मुठीत धरून बसून राहिली.

थोड्या वेळाने सर बाहेर आले. रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "चहा घेऊया का गं कुठंतरी? आल्याचा मिळाला तर बघ."

त्यानंतर घरात सगळं सुरळीत झालं, असंच म्हणावं लागेल. सर आठपर्यंत झोपू लागले. अंगावर मांस धरलं. बाजारातून ताजी मेथी निवडून आणायचे, मालनबाईंना शेंगा सोलून द्यायचे, शेजाऱ्यांशी क्रिकेटबद्दल बोलायचे. विट्याची गोष्ट त्यांना आठवत होती. विचारली तर सांगायचेही, नीट, सगळ्या तपशिलासह, शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी. शिट्टी खुंटीला अडकवलेली होती. ऋतुजा कामावरून आली की हसून विचारायचे, "बरं वाटतंय ना तिथं? मग झालं." ते तिच्यावर माया करत होते, त्यात कणभर उणं नव्हतं. फक्त तिच्याकडून त्यांना आता काही नको होतं.

एका संध्याकाळी मालनबाई भाकरी थापता थापता मध्येच थांबल्या.

"त्या शिट्टीनं तीस वरीस माजे कान किटलं. आता वाजत न्हाई तर झोप लागंना बघ." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मानूस निवळलं गं, पन घर गार पडलं."

ऋतुजा रोज आठ तास बेदाण्यांकडे बघत होती. पिवळे, हिरवट, काळसर, पट्ट्यावरून सरकत जात. हळूहळू तिला पहाटे पाचला आपोआप जाग येऊ लागली. ती बूट घालून उंबऱ्यावर येऊन बसायची. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उजाडायचं, दूधवाला येऊन जायचा, पाळीची वेळ व्हायची. सुटीच्या दिवशी तर ती आठपर्यंत तिथेच असायची. आप्पा जांभई देत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "अगं, झोपायचं की. सुटी आहे ना?"

छातीत काहीतरी तुटल्यासारखं व्हायचं. शेवटी ती पुन्हा केंद्रात गेली.

डॉक्टरांनी टोप चढवला. "काय होतंय?"

"आप्पा खांबाजवळ शिट्टी धरून उभे असायचे," ती म्हणाली.

रेघ सरळ वर गेली. डॉक्टर मुजावरांनी पहिल्या खेपेची रेघ उघडून तिच्याशेजारी लावली.

"पहिल्या वेळीही हलली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही मान हलवलीत. मी खेळाचं विचारत बसलो, वर्दीचं विचारत बसलो. तुमची ओढ खेळाकडे नव्हतीच. होती ती वडिलांकडे. चूक झाली माझी."

"मग त्यांची त्यांना परत घालता येईल?"

"नाही. सोडवता येते. बांधता अजून कुणालाच येत नाही." त्यांनी तिच्याकडे न बघता टोप काढला. "पण तुमची आता सापडलीय. काढून टाकता येईल. सोमवारी या. त्रास थांबेल."

"तुम्ही घेतलाय उतारा?"

"घेतलाय. बाहेर जाऊन मेंदूवरच संशोधन करायचं होतं मला. पैसे आटले, सगळंच आटलं. आता त्याचं काही वाटत नाही."

"बरं वाटतं का पण?"

"म्हटलं ना," डॉक्टर म्हणाले, "काही वाटत नाही."

रविवारी सकाळी तिने आप्पांना मैदानावर चला म्हटलं. ते लगेच निघाले, हल्ली ते कशालाच नाही म्हणत नसत. शाळेमागचं मैदान ओस पडलं होतं. एक खांब कलला होता, मधल्या चौकोनांवर गवत माजलं होतं. तिने हातांनी एक चौकोन मोकळा केला आणि त्यात बसली, आप्पांकडे पाठ करून, एक पाय मागे घेऊन, बोटं मातीला टेकवून, त्यांनी शिकवलं होतं तशी.

"आप्पा, खो द्या."

"आत्ता? बरं, बरं."

चपला ओढत ते मागे आले. त्यांचा तळहात तिच्या पाठीवर बरोबर मधोमध टेकला, आणि ते मोठ्याने म्हणाले, "खो!"

शब्द होता. स्पर्शही होता. कुठल्याही पंचाला त्यात खोट काढता आली नसती. ऋतुजाने उठायला जोर केला, पण तिच्या पायांना तो खो ऐकूच आला नाही. आयुष्यभर ज्या हाताने तिला ढकललं होतं तो हाच हात होता, तितकाच उबदार, आणि तो तिला कुठेही पाठवत नव्हता.

"काय गं? ऐकू नाही आलं?"

"आलं, आप्पा."

"मग? बस बाई, तुला बसायचं तर. मी त्या कट्ट्यावर आहे. ऊन व्हायच्या आत जाऊ." ते सावलीकडे गेले, कट्टा हाताने झाडून बसले आणि झाडावरच्या पोपटांकडे बघू लागले.

ती बसून राहिली. उद्या सोमवार. टोप घातला, की तीही अशीच पोपटांकडे बघू शकेल. दोघं बापलेक शेजारी शेजारी बसतील, चहा पितील आणि कुणालाच काही दुखणार नाही. पण मग विट्याची ती दुपार कुणाचीच राहणार नाही. आप्पांनी तिच्या सांगण्यावरून ती सोडून दिली होती. आता ती दुखते आहे ती तिच्या एकटीच्या छातीत, आणि दुखते आहे तोवरच ती आहे. तिला रडू आलं. आप्पा पोपटांकडेच बघत होते.

मग ऋतुजाने बोटं मातीत रोवली आणि ती उठली. कुणी खो न देता, जन्मात पहिल्यांदा. नियमाने तो धडधडीत फाउल होता. कललेल्या खांबाकडे ती धावली, खांबाला हात लावून वळली, आणि धावताना तिचे कान मागेच लागले होते.

शिट्टी वाजली नाही.